आईला आमवात आहे, आता माझीही बोटं सकाळी आखडतात. संधिवात नक्की होतो कशामुळे?

गोदाकाठची:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस विचारीन विचारीन म्हणत होते. माझं वय ३८, नाशिकला शाळेत शिकवते. माझ्या आईला आमवात आहे, म्हणजे डॉक्टर ज्याला आरए म्हणतात तो, साधारण पंचेचाळिशीत सुरू झाला आणि तेव्हा आम्ही सगळ्यांनी अंगावर काढला, आता तिच्या हाताची बोटं करंगळीच्या बाजूला वळलीयत, भाकरी थापता येत नाही की साडीची पिन लावता येत नाही. गेल्या काही आठवड्यांपासून माझीही बोटं सकाळी उठल्यावर आखडलेली असतात, मूठ वळत नाही, अंगठी निघत नाही, मग कामाला लागल्यावर हळूहळू सुटतात. त्यामुळे खरं सांगायचं तर धास्ती बसलीय.

घरात प्रत्येकाचं कारण वेगळं. सासूबाई म्हणतात दही आणि लिंबू बंद कर, मावशी म्हणते थंड पाण्यात धुणं धुतलंस म्हणून झालं, नवरा म्हणतो तू सारखी बोटं मोडतेस म्हणून. सासऱ्यांचे गुडघे गेलेत (आयुष्यभर दिंडोरीला द्राक्षबागेत काम), त्यांनाही लोक संधिवातच म्हणतात आणि माझ्या आईच्या आजारालाही संधिवातच म्हणतात, मग दोघांचं कारण एकच का? आणि मुख्य प्रश्न, हे आनुवंशिक आहे का? मला मुलगी आहे, बारा वर्षांची, तिचीही काळजी वाटते. कृपया ज्यांना माहिती आहे किंवा अनुभव आहे त्यांनी सांगा.

मुठेकाठ:

ताई, मी स्वतः आरएची पेशंट आहे, पुण्यात राहते, बरीच वर्षं औषधं चालू आहेत आणि आज सगळी कामं करते, स्कूटर पण चालवते. हे आधी सांगतेय कारण आईकडे बघून तुम्हाला जी भीती वाटतेय ती मला कळते. त्या काळी औषध उशिरा सुरू व्हायचं, आता लवकर गेलं तर बोटं वाकायची वेळ बहुतेकांवर येत नाही.

आता तुमचा प्रश्न. संधिवात हा एक आजार नाहीये, शंभराच्या वर प्रकार आहेत आणि प्रत्येकाचं कारण वेगळं. सासऱ्यांचा बहुतेक झिजेचा असणार, तो सांध्यातून सुरू होतो. आईचा आमवात म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या सांध्यांच्या अस्तरावर उलटते, तिथे सूज येते, ती सूज वर्षानुवर्षं राहिली की हाड आणि कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) खाल्ली जाते. त्यामुळे कारण विचारायच्या आधी कोणता संधिवात हे ठरलं पाहिजे, नाहीतर शेजारणीच्या गुडघ्याचं पथ्य आपण आपल्या बोटांसाठी पाळत बसतो.

आनुवंशिक आहे का, तर हो पण अर्धवट. काही जीन्स आहेत ज्यांच्यामुळे शक्यता वाढते. सर्वसाधारणपणे शंभरात एखाद्याला किंवा त्याहून कमी लोकांना आरए होतो, आई-वडील किंवा सख्ख्या भावंडाला असेल तर ही शक्यता दोन ते चार पट होते. ऐकायला भयंकर वाटतं, पण हिशेब केला तर आरए असलेल्या आईच्या शंभर मुलांतल्या पंचाण्णवच्या वर मुलांना तो होत नाही. एकाच बीजाच्या जुळ्या बहिणी असल्या, सगळे जीन्स सारखे, तरी एकीला झाला म्हणून दुसरीला होण्याचं प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपासच सापडतं. म्हणजे जीन्सशिवाय बाहेरचं काहीतरी लागतंच.

त्या बाहेरच्या गोष्टींत सगळ्यात पक्का पुरावा धूम्रपानाचा आहे. सिगरेट, बिडी. फुप्फुसात धुरामुळे काही प्रथिनांचं रूप बदलतं, मग ज्याच्याकडे ते जीन्स आहेत त्याची प्रतिकारशक्ती त्या बदललेल्या प्रथिनांना परकं समजून अँटिबॉडी बनवायला लागते. सांधे दुखायच्या कित्येक वर्षं आधी या अँटिबॉडी रक्तात आलेल्या असतात! अँटी-सीसीपी नावाची जी तपासणी करतात ती त्याचीच. तसंच हिरड्यांचा जुना आजार, दगड-सिमेंटची बारीक सिलिकाची धूळ (खाणीत, क्रशरवर काम करणारे), लठ्ठपणा यांचाही संबंध दिसतो. आणि बाई असणं, कारण आमवात बायकांना पुरुषांच्या दोन-तीन पट जास्त होतो, तुमच्या-माझ्या वयात आणि पाळी जायच्या सुमारास विशेष. बाळंतपणानंतरच्या वर्षभरात सुरू झालेल्या बायका मी दवाखान्यात कितीतरी पाहिल्यात, आणि प्रत्येकीला घरच्यांनी 'बाळंतपणात थंड लागलं' असं सांगून महिने घालवलेले.

थंड पाण्याने आजार होत नाही. असलेलं दुखणं थंडीत जास्त जाणवतं एवढंच.

शाहूपुरी_फिजिओ:

मी फिजिओथेरपिस्ट आहे, कोल्हापुरात. वरच्या ताईंनी आमवाताचं छान सांगितलंय, मी सासऱ्यांच्या गुडघ्यांबद्दल लिहितो कारण माझ्याकडे दिवसभर तेच पेशंट असतात.

सगळे येऊन सांगतात 'सर, गुडघ्यातलं वंगण संपलंय'. लोकांना वाटतं गुडघा म्हणजे मशीन, जेवढा वापरला तेवढा झिजला, मग ते चालणंच बंद करतात आणि तिथून खरी वाट लागते. कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, सांध्याची हालचाल झाली, दाब पडला-सुटला की आजूबाजूच्या द्रवातून तिला पोषण मिळतं. हालचाल बंद केली की पोषण कमी, वर मांडीचे स्नायू बारीक होतात, आणि मांडीचा पुढचा स्नायू कमजोर झाला की चालताना बसणारा प्रत्येक हिसका थेट गुडघ्यावर. म्हणून स्नायूंची कमजोरी हा परिणाम तर आहेच पण कारण पण आहे.

बाकी कारणं म्हणाल तर वय, वजन, जुनी दुखापत आणि कामाची पद्धत. वजनाचं गणित मी प्रत्येकाला सांगतो, एक किलो वजन उतरवलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनी कमी होतो, म्हणजे पाच किलो उतरवले तर वीस. आणि फक्त भाराचा प्रश्न नाही, जाड माणसांत हाताच्या बोटांची झीज पण जास्त सापडते, आता बोटांवर कोण चालतंय? चरबीतून सूज वाढवणारी रसायनं रक्तात जातात, हे त्याचं एक कारण मानलं जातं.

दुखापतीचं आमच्याकडे फार. कुस्ती आणि कबड्डीचा पट्टा आहे हा, विशी-पंचविशीत लिगामेंट तुटतं किंवा गादी फाटते, पोरगं तेल चोळून, पट्टी बांधून परत मैदानात. अशा गुडघ्यांपैकी जवळपास निम्म्यांत दहा ते वीस वर्षांत झीज दिसायला लागते, म्हणजे चाळिशीतच म्हाताऱ्याचा गुडघा. पालकांनो, पोराचा गुडघा खेळताना 'कट' असा आवाज होऊन सुजला तर वैदू-हाडवैद्य करत बसू नका हो, नीट दाखवा, मांडीचे व्यायाम महिनोन्महिने करून घ्या. याउलट हौसेखातर पळणाऱ्यांचे गुडघे पळण्यामुळे लवकर झिजतात असं दिसलेलं नाही.

काम म्हणाल तर सतत उकिडवं बसणं, गुडघे टेकून काम, डोक्या-पाठीवर ओझं. ऊसतोड, भातलावणी, फरशी बसवणारे, हमाल. सासऱ्यांचं बागेतलं काम यातच आलं. आणि पाळी गेल्यानंतर बायकांत गुडघ्याची झीज एकदम वाढते, त्यात आमच्या बायका चूल-भांडी-धुणं सगळं उकिडवं बसून केलेल्या.

बोटं मोडल्याने संधिवात होत नाही, मिस्टरांना सांगा. अमेरिकेतल्या डोनाल्ड अंगर नावाच्या डॉक्टरांनी पन्नास वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली आणि उजवा हात तसाच ठेवला, १९९८ मध्ये त्यांनी ते छापलं, दोन्ही हातांत संधिवात नव्हता. एकाच माणसाचा प्रयोग आहे हे खरं, पण मोठ्या पाहण्यांतही बोटं मोडण्याचा आणि संधिवाताचा संबंध सापडलेला नाही.

रत्नांग्रीकर:

माझा तिसराच प्रकार, गाऊट. मी रत्नागिरीचा, सध्या मस्कतला नोकरी. रात्री दोन-तीन वाजता पायाचा अंगठा असा पेटला की वरची चादर सहन होईना, सकाळी लालभडक. युरिक अ‍ॅसिड वाढलेलं निघालं. रक्तात ते डेसिलिटरला ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेलं की विरघळून राहू शकत नाही, सुईसारखे खडे होतात आणि सांध्यात बसतात. हा आजार पुरुषांना जास्त, बायकांना शक्यतो पाळी गेल्यावर.

मला लिहायचंय ते डाळीबद्दल. निदान झालं त्या दिवसापासून घरच्यांनी माझी तूरडाळ, पालक, टोमॅटो, सगळं बंद केलं, जेवायचं काय तर भात आणि ताक. नंतर चांगल्या डॉक्टरांनी समजावलं की डाळी आणि पालेभाज्यांनी गाऊटचा धोका वाढत नाही, मोठ्या पाहण्यांमध्ये बघितलंय. वाढतो तो मटण, कलेजी, वजडी, काही मासे (आमची तारली, बांगडा, सुकट हो, वाईट वाटतं पण आहे), बियर आणि साखरेची थंड पेयं यांनी. दारूत बियर जास्त वाईट. आणि खाण्याचा वाटा लोक समजतात त्यापेक्षा कमीच आहे, बहुतेकांचा खरा घोळ किडनी युरिक अ‍ॅसिड पुरेसं बाहेर टाकत नाही हा असतो आणि तो बऱ्याच अंशी घराण्यात येतो. माझ्या वडिलांना होता, काकांना आहे.

अजून दोन गोष्टी कोणी सांगत नाही. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्या, लघवी जास्त होण्याच्या, त्यांनी युरिक अ‍ॅसिड वाढतं, छोट्या डोसच्या अ‍ॅस्पिरिनने पण. गोळी मनाने बंद करायची नाही पण डॉक्टरांच्या कानावर घालायचं. आणि कडक उपास किंवा उन्हात पाणी न पिता काम केलं की अ‍ॅटॅक येऊ शकतो, इकडे आखातात साईटवर काम करणाऱ्या आपल्या पोरांना हे मी मुद्दाम सांगतो. नुसतं युरिक अ‍ॅसिड वाढलेलं आहे आणि त्रास काहीच नाही अशा पुष्कळ लोकांना गाऊट कधीच होत नाही, त्यामुळे रिपोर्ट बघून लगेच घाबरू नका.

सातारकर_आजी:

लेकी, मी वयाने मोठी म्हणून सांगते. आमच्याकडे आयुर्वेदात आमवात आणि वातरक्त (गाऊटसारखा) असे दोन वेगळे आजार सांगितलेत, माधवनिदान या जुन्या ग्रंथात आमवाताचं वेगळं प्रकरणच आहे. विरुद्ध आहार, मंद झालेली भूक, जेवल्याबरोबर मेहनत, याने आम तयार होतो आणि सांध्यात जातो असं त्यात आहे. दही रात्री खाल्लं की माझी बोटं दुसऱ्या दिवशी हमखास दुखतात, हे मी अनुभवाने सांगते, कुठल्या पाहणीची मला गरज नाही. तेव्हा सासूबाई म्हणतात ते अगदीच टाकाऊ समजू नकोस.

मुठेकाठ:

आजी, तुम्हाला सोसत नाही तर तुम्ही नका खाऊ, त्यात काहीच वाद नाही, शरीर आपलं आपल्याला कळतं. पण दह्याने आमवात होतो किंवा दही सोडलं की जातो असं कुठे दिसलेलं नाही आणि हे मी पोटतिडकीने म्हणतेय त्याला कारण आहे. आमच्या आजारात हाडं आधीच ठिसूळ होतात, स्टेरॉइड घ्यावं लागलं तर अजून, आणि नेमक्या त्याच बाईचं दूध, दही, ताक सगळं बंद करतात. मग वर्षभराने साधं घसरून मनगट मोडतं. माझ्या वॉर्डातल्या बायकांची ताटं बघायचे मी, भात, वरणाचं पाणी आणि पोळी. लिंबू, टोमॅटो, चिंच आंबट म्हणून बंद, वांगं-बटाटा वातूळ म्हणून बंद, डाळ जड म्हणून बंद. आजारी बाईने खायचं काय मग?

भगवंताचं_गाव:

बार्शीहून लिहितोय. एक कारण कोणीच काढलं नाही म्हणून लिहितो, चिकुनगुनिया! आमच्या बार्शीत १९७३ ला साथ आली होती, घरातली जुनी माणसं अजून सांगतात, अख्ख्या गल्ल्या भिंतीला धरून चालत होत्या. नंतर कित्येक वर्षं गायब आणि मग २००५-०६ ला परत आला तो देशभर पसरला, २००६ मध्ये एका वर्षात तेरा लाखांच्या वर संशयित रुग्ण नोंदले गेले. पुण्यात २०२४ ला पण पुष्कळ होते. ताप चार-पाच दिवसांत उतरतो पण सांधे धरलेले राहतात, बहुतेकांचे काही आठवड्यांत-महिन्यांत सुटतात, काहींचे वर्ष-वर्ष नाही. चाळिशीच्या पुढच्या बायका आणि ज्यांचे सांधे आधीच दुखरे आहेत त्यांचे जास्त रेंगाळतात. दिसायला अगदी आमवातासारखंच दिसतं, दोन्ही हातांची बोटं, मनगटं, घोटे. तर ताई, आधी ताप येऊन गेला होता का, अंगावर पुरळ? ते आठवून बघा. पाण्याची टाकी, कुंड्यांखालच्या ताटल्या, कूलर यात तो दिवसा चावणारा डास वाढतो, म्हणजे संधिवाताचा हा एक प्रकार तरी आपण चक्क टाळू शकतो.

पांढरकवडा_डायरी:

यवतमाळ जिल्ह्यातून. आमच्याकडे काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. वर्षानुवर्षं तेच पाणी प्यायलं की दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात, आणि पुढे पाठ, मान, गुडघे असे ताठ होतात की माणूस वाकू शकत नाही. लोक त्याला वात म्हणून मालिश करत बसतात. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की पिऊ नये असं मानक आहे. एका घरात एकाला दुखत असेल तर गोष्ट वेगळी, पण वस्तीतल्या पंचवीस-तीस वर्षांच्या पोरांपासून सगळ्यांचेच सांधे धरलेत आणि दात रंगलेत असं दिसलं तर आधी पाणी तपासून घ्या. ताईंच्या प्रश्नाशी थेट संबंध नाही पण विदर्भातल्या कोणी वाचलं तर उपयोग होईल.

गोदाकाठची:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी डॉक्टरांनीही सांगितलं नव्हतं. ताप वगैरे काही आला नव्हता. दुखणं दोन्ही हातांच्या बोटांच्या मधल्या पेरांत आणि मुठीच्या उंचवट्यांत आहे, टोकाच्या पेरांत नाही, आणि सकाळचं आखडणं तास-दीड तास तरी राहतं, शाळेची प्रार्थना होईपर्यंत खडू नीट धरता येत नाही. आमच्या इथल्या फॅमिली डॉक्टरांनी आरए फॅक्टर (आमवातासाठीची रक्ततपासणी) केला होता तो निगेटिव्ह आला, म्हणून म्हणाले काही नाही, कॅल्शियम घ्या. मग थांबू का? आणि अजून एक, घरात मिस्टर सिगरेट ओढतात. मुलीला त्रास होईल का?

मुठेकाठ:

ताई थांबू नका!! आरए फॅक्टर निगेटिव्ह म्हणजे आमवात नाही असं मुळीच नाही, आमवाताच्या साधारण चार-पाच पेशंटमधल्या एकाचा तो निगेटिव्हच असतो, सुरुवातीला तर अजून जास्त. आणि उलट निरोगी माणसाचाही कधी पॉझिटिव्ह येतो, टीबी किंवा कावीळ सीमध्येही येतो. अँटी-सीसीपी, आणि अंगातली सूज दाखवणाऱ्या ईएसआर, सीआरपी या तपासण्या बघतात आणि मुख्य म्हणजे डॉक्टर सांधे हाताने दाबून सूज तपासतात, रिपोर्टपेक्षा ते महत्त्वाचं. तुम्ही रुमॅटॉलॉजिस्टकडेच (संधिवाताचे तज्ज्ञ) जा, हाडांच्या डॉक्टरांकडे नाही, नाशिकमध्ये मिळतील. सुरुवातीच्या काही महिन्यांत उपचार सुरू झाले तर सांधे वाचतात, आईच्या वेळी जो वेळ गेला तो तुमच्या बाबतीत जाऊ द्यायचा नाही.

सिगरेटचं म्हणाल तर दुसऱ्याच्या धुराचा, विशेषतः लहानपणी घरात मिळणाऱ्या धुराचा, आरएशी संबंध काही पाहण्यांत दिसलाय, स्वतः ओढण्याइतका पक्का नाही. पण ज्या घरात आजीला आमवात आहे त्या घरातल्या मुलीच्या जीन्सचं आपण काही करू शकत नाही, धुराचं करू शकतो. हे मिस्टरांना वाचायला द्या हवं तर. आणि मुलीची आत्ता कुठलीही रक्ततपासणी करत बसू नका, त्रास काही नसताना त्यातून फक्त घोर लागतो.

शाहूपुरी_फिजिओ:

+१, तासभर आखडणं म्हटल्यावर मी पण तेच सांगणार होतो. झिजेच्या दुखण्यात सकाळचं आखडणं सहसा अर्ध्या तासाच्या आत सुटतं आणि दिवसभर वापरल्यावर वाढतं, तुमचं उलटं आहे, हालचालीने सुटतंय. सांधे पण आमवाताच्या जागेचेच सांगताय. निदान डॉक्टर करतील, पण हे त्यांना असंच्या असं सांगा. सकाळी उठल्या उठल्या बोटं सुजलेली असताना मोबाइलवर फोटो काढून ठेवा, दुपारच्या अपॉइंटमेंटपर्यंत सूज उतरलेली असते आणि डॉक्टरांना दिसत नाही. डोक्यात, कोपरावर, बेंबीत खवले किंवा नखांना बारीक खड्डे असतील तर तेही दाखवा, सोरायसिस या त्वचेच्या आजारामुळे होणारा संधिवात वेगळा असतो.

आणि तपासणीच्या आधी कुणी दिली म्हणून स्टेरॉइडची गोळी किंवा बिनलेबलच्या पुड्या घेऊ नका. दोन दिवसांत एकदम बरं वाटतं, सूज झाकली जाते आणि निदान लांबतं. सासऱ्यांच्या बाबतीत पण बघा, गुडघ्यासाठी अशा पुड्या चालू असतील तर एकदम बंद न करता डॉक्टरांना दाखवून मगच थांबवा, त्यात स्टेरॉइड असलं तर अचानक बंद करणं धोक्याचं असतं. त्यांना मांडीचे व्यायाम मी खाली वेगळ्या पोस्टमध्ये लिहून देतो, खुर्चीवर बसून करायचे आहेत, बागेत पण करता येतील.

गोदाकाठची:

सासूबाईंना विचारलं, खरंच पुड्या चालू आहेत, बाजाराच्या दिवशी कोणीतरी आणून देतं. उद्याच डॉक्टरांना दाखवते. माझी पुढच्या आठवड्याची अपॉइंटमेंट घेतलीय, आईलाही सोबत नेतेय. दादा, व्यायाम नक्की टाका.